मासे मोजण्याचा पगार

आमच्या दर्यापूर तालुक्यात विहिरीला पाणी लागले म्हणून कोणी पेढे वाटत नाही, कारण ते खारट निघणार हे खोदण्याआधीच ठाऊक असते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथली तूर, कपाशी आणि हरभरा आभाळाकडे पाहूनच पेरायचे. भूजलाचा भरवसा ना पिण्यासाठी धरता येतो, ना ओलितासाठी. समुद्र इथून रेल्वेने जवळपास सहाशे किलोमीटर. अशा गावातून निघून मी सागरी जीवशास्त्रज्ञ झालो, आणि सुट्टीत घरी आलो की माझ्या नोकरीची चौकशी दर वेळी नव्याने होते, कारण मागच्या वेळचे उत्तर कोणालाच पटलेले नसते. आमचे एक चुलतकाका तर हातावर खर्रा चोळत सरळ विचारतात, "तू तिकडं करतं काय नेमकं?" मासे मोजतो, असे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मंग सरकार तुले पगार कायले देते? मी वावरातल्या पऱ्हाट्या मोजल्या तं मले देईन का कोणी?"

प्रश्न रास्त आहे. या उन्हाळ्यात तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा समोर आला. शेजारच्या घरातली मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला या वाटेने यायचे आहे, आणि तिला पाठवावे की नाही हे विचारायला तिचे वडील तिला घेऊन आमच्या ओसरीवर आले. त्यांच्यासमोर मी जे बोललो ते आणि तेव्हा बोलायचे राहून गेले ते, असे दोन्ही इथे लिहितो आहे.

रील्समध्ये हा पेशा निळ्याशार पाण्यात, पाठीवर सिलिंडर बांधून, कासवाच्या शेजारी पोहत असतो. असे दिवस येतात, नाही असे नाही; पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचे पाणी नद्यांच्या आणि खाड्यांच्या गाळाने वर्षातले बरेच महिने इतके गढूळ असते की, मालवणसारख्या काही जागा सोडल्या तर, बुडी मारलेल्याला स्वतःचा हात दिसण्याची मारामार. आमचे खरे काम पहाटेच्या बंदरावर असते. बोटी धक्क्याला लागतात, बर्फात दाबलेले म्हावरे टोपल्यांतून वर येते, आणि लिलाव सुरू होण्याआधीचा थोडा वेळ आमच्या वाट्याला येतो. तेवढ्यात टोपलीतला मासा मोजपट्टीच्या फळीवर ठेवायचा, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी पाहायची, आकडा सोबत्याला ओरडून सांगायचा आणि मासा होता तसा परत ठेवायचा. मोजायला सहसा कोणी हरकत घेत नाही, पण चिरायला कोणी देत नाही, आणि का द्यावे? चिरायचा मासा आम्हाला बाजारभावाने विकत घ्यावा लागतो. पापलेटचा अभ्यास करणाऱ्याचे प्रकल्पाचे पैसे ढोम्याचा अभ्यास करणाऱ्यापेक्षा फार लवकर संपतात, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले नसते.

ढोमा मला आवडतो, कारण त्याच्या डोक्यातला दगड मोठा असतो. हाडांच्या बहुतेक माशांच्या कवटीत, मेंदूच्या खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी चुन्याचे खडे असतात. तोल सांभाळणे आणि ऐकणे ही त्यांची कामे. शास्त्रात त्यांना कर्णाश्म म्हणतात. डोळ्यांच्या मागे सुरी आडवी धरून कवटीचा वरचा भाग उचलला की मेंदूचा मऊ गोळा दिसतो. तो बाजूला सारून चिमट्याने चाचपले की टोक कशाला तरी टणक लागते, आणि पांढरा, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूला खाच असलेला खडा बाहेर येतो. तो धुऊन वाळवायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि बारीक पॉलिश पेपरवर पाण्याचा थेंब टाकून झिजवत बसायचे. थोडा कमी झिजला तर आतले दिसत नाही. जरा जास्त झिजला तर मधला गाभाच निघून जातो आणि मासाही गेला, पैसेही गेले. नीट झिजला तर सूक्ष्मदर्शकाखाली एकात एक कडी दिसतात. थंड समुद्रात हिवाळ्यात माशाची वाढ मंदावते, त्यामुळे तिथे वर्षाचे कडे ठळक उमटते. आपला समुद्र बारमाही उबदार, म्हणून इथे वर्षाचे कडे पुसट असते आणि त्याचा वाद दोन अभ्यासकांमध्ये महिनोन्‌महिने चालू शकतो. लहान पिल्लांत मात्र रोजचा एकेक थर मोजता येतो. मोठ्या माशांच्या बाबतीत एकेका खड्यावर विसंबण्यापेक्षा दर महिन्याला शेकडो माशांची लांबी मोजायची आणि लांबीचे गट पुढे कसे सरकतात ते पाहून वाढीचा वेग काढायचा, हा मार्ग आपल्याकडे जास्त वापरला जातो. मोजणी अटळ आहे ती यासाठी.

काकांना अखेर पटले ते पीक कापणी प्रयोगाच्या उदाहरणाने. गावातल्या सगळ्या वावरांतली तूर कोणी तोलत नाही. ठरलेल्या पद्धतीने निवडलेल्या काही शेतांत आखलेल्या तुकड्यातले पीक कापून तोलतात आणि त्यावरून मंडळाचे उत्पन्न ठरते. १९४०च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी या प्रयोगांना नमुना पाहणीचा पाया घालून दिला. समुद्रातल्या माशांचेही तसेच आहे. कोची इथली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये सुरू झाली. देशभरातल्या बंदरांवर निवडक दिवशी, निवडक बोटींतली मासळी तिचे कर्मचारी मोजतात आणि त्यावरून वर्षाचा एकूण अंदाज बांधला जातो. २०२३ चा अंदाज होता ३५ लाख ३० हजार टन. "म्हंजे तुमचीबी आणेवारीच हाय," असे काका म्हणाले. आणेवारीवर त्यांचा किती विश्वास आहे हे मला माहीत असल्यामुळे मी ती दाद फार मनाला लावून घेतली नाही.

आता या मोजणीचा उपयोग काय, हे तारली या छोट्या माशाच्या एका उदाहरणातून सांगता येते. केरळात तारली हे गरिबाच्या ताटातले मुख्य कालवण. २०१२ मध्ये त्या राज्यात सुमारे चार लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनही भरली नाही. शंभर पोत्यांच्या जागी एकही पोते भरू नये, असा हा प्रकार. ज्याने त्याने आपापले कारण सांगितले : मोठी जाळी, पिल्लांची मासेमारी, तापलेले पाणी, दूर गेलेले थवे. यातले प्रत्येक कारण थोडेबहुत खरे आहे, आणि २०१५ च्या तीव्र एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याचा, हात त्यात होता असे अभ्यासकांचे मत आहे. पण हे बोलता आले ते एवढ्याचसाठी की तारलीची नोंद कित्येक दशके, चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षी, सारख्याच चिकाटीने ठेवली गेली होती. तारलीचे पीक गेल्या शतकातही बुडाले होते आणि पुन्हा उभे राहिले होते, हे त्या वह्यांवरूनच कळते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हातात असत्या तर एक तर प्रलयाची हाकाटी झाली असती, नाही तर "होते असे कधी कधी" म्हणून कोणी मान हलवली असती.

माझ्या पेशाबद्दलची माझी मुख्य तक्रार इथेच आहे. हिशेब पिढ्यांचा आणि नेमणूक तीन वर्षांची, अशी आमची व्यवस्था आहे. समुद्राचा अभ्यास करणारे बहुसंख्य तरुण कायम नोकरीत नसतात. ते एखाद्या प्रकल्पावर असतात, प्रकल्पाला मुदत असते आणि मुदतवाढ मिळेल की नाही हे शेवटच्या महिन्यापर्यंत समजत नाही. मी एका संस्थेत असताना एका खाडीच्या तोंडाशी दर महिन्याला प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, नमुने घेत होतो. बारीक जाळी ओढायची, बाटलीत जमलेला तपकिरी गाळासारखा ऐवज फॉर्मलिनमध्ये टिकवायचा आणि मग दिवसभर त्यातले कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव मोजायचे, असे ते काम. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापू लागले आणि नमुन्यांत काही तरी वेगळे दिसू लागले, नेमका तेव्हा प्रकल्पाचा कालावधी संपला. मुदतवाढ आली नाही. त्याआधीचे काही महिन्यांचे मानधनही फार उशिराने आले. त्या खाडीची नोंद तिथेच तुटली, आणि तुटलेली नोंद पुढे कितीही पैसे ओतले तरी सांधता येत नाही, कारण गेलेला महिना कोणी परत मोजू शकत नाही. घरी मात्र "पोराची नोकरी सुटली" एवढाच निरोप पोचला.

मुलीच्या वडिलांना आकडे हवे होते, ते मी दिले. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार, शिवाय घरभाडे. पाच वर्षांत पीएच.डी. आटोपली पाहिजे. त्यानंतर कायम वैज्ञानिकाच्या जागा निघतात तेव्हा एकेका विषयात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच असतात. कोचीची ही संस्था, गोव्यात दोनापावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, प्राणी सर्वेक्षण, वन्यजीव संस्था, राज्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग, ही सगळी दारे एकत्र धरली तरी अर्ज करणाऱ्यांची रांग त्यांच्यापेक्षा कितीतरी लांब आहे. खोल समुद्र मोहिमेला २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारे 'मत्स्य ६०००' हे यान तयार होत आहे, त्याच्या बातम्या वाचून मुले हुरळतात. चांगले आहे, पण त्या यानात तिघेच बसतात.

कामे वाढताहेत ती सल्लागार कंपन्यांत, आणि त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. किनाऱ्यावर बंदर, रस्ता किंवा सांडपाण्याची वाहिनी बांधायची म्हटले की २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार तिथे काय जगते याचा अहवाल लागतो. मग आमच्यासारखा कोणी तरी बोटीतून लोखंडी जबड्याने समुद्रतळाचा चिखल उचलतो, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतो आणि चाळणीत वळवळणारे कृमी, शिंपले, खेकड्यांची पिल्ले गुलाबी रंगात बुडवून मोजतो. पगार प्रकल्पाच्या छात्रवृत्तीपेक्षा बरा आणि वेळेवर. अडचण अशी, की अहवालाचा खर्च तोच करतो ज्याला परवानगी हवी असते. मी पाहिलेले बहुतेक लोक खोटे आकडे लिहीत नाहीत. पण नमुने कोणत्या महिन्यात घ्यायचे आणि किती जागी घ्यायचे हे ठरवतानाच अर्धा निष्कर्ष ठरून गेलेला असतो, आणि तो ठरवण्याच्या बैठकीत जीवशास्त्रज्ञाला खुर्ची नसते. याउलट २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात सापडलेल्या प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवल्या गेल्या. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना वाघाइतकेच, म्हणजे पहिल्या अनुसूचीतले संरक्षण आहे, म्हणून ते घडले. अठरा वसाहतींनी मुंबईचा समुद्र वाचला असे मी म्हणणार नाही, पण त्या खडकांवर प्रवाळ आहे हे ओळखणारा माणूस आधी कोणी तरी शिकवून तयार केला होता, एवढे नक्की म्हणेन.

नियम करण्याच्या बाजूलाही माणसे लागतात. कोवळी मासळी पकडू नये म्हणून महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. कोणत्या लांबीला मासा पहिल्यांदा अंडी घालतो हे वर आलेल्या त्याच फळीवर आणि त्याच चिरलेल्या पोटांतून ठरते. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि तेव्हा राज्याचे मत्स्यव्यवसाय मंत्री चंद्रपूरचे होते, हे मी गावात आवर्जून सांगतो. समुद्राशी विदर्भाचा काय संबंध असे विचारणाऱ्यांना तेवढेच उत्तर. तसा संबंध दर पावसाळ्यात येतोच. मी समुद्रावर काम करतो म्हटल्यावर यंदा पाऊस कसा, हे मला पारावर हमखास विचारले जाते, आणि ते माझे शास्त्र नाही असे सांगूनही कोणी ऐकत नाही. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला तेव्हा सोयाबीन डोळ्यांदेखत माना टाकत होते आणि त्यामागच्या कारणांतले एक, एल निनो, प्रशांत महासागरात बसले होते. त्या पाण्याच्या तापमानाची बातमी दर्यापूरच्या बाजारातही कामाची आहे, एवढे कबूल करून मी विषय बदलतो.

मला स्वतःला या पेशाचे जे भवितव्य सर्वांत जवळचे वाटते ते गंमत म्हणजे किनाऱ्यापासून फार दूर आहे. हरियाणात खाऱ्या भूजलावर तळी करून शेतकरी व्हेनामी कोळंबी वाढवतात. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे रोहतकजवळ लाहली इथले केंद्र या कामामागे आहे, आणि पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या खाऱ्या जमिनींतही ही शेती पसरली आहे. हे वाचल्यापासून गावातल्या प्रत्येक विहिरीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मात्र खारट पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात क्षारांचे प्रमाण समुद्रापेक्षा वेगळे असते. विशेषतः पोटॅशियम बहुधा फार कमी भरते, आणि ते नसेल तर कोळंबीला शरीरातल्या क्षारांचा तोल राखता येत नाही, ती कात टाकताना किंवा त्याआधीच मरते. यावर उपाय म्हणून तिकडचे शेतकरी तळ्यात पोटॅश टाकतात, म्हणजे आपण कृषी केंद्रातून आणतो तेच म्युरिएट ऑफ पोटॅश. हे ऐकल्यावर आमच्या ओसरीवर पहिल्यांदाच सगळ्यांनी कान टवकारले.

लगेच कोणी तळे खोदायला निघू नये म्हणून पुढचेही सांगितले. आपल्या पट्ट्यात एका विहिरीचे पाणी दुसरीसारखे नसते आणि पावसाळ्यानंतर त्याच विहिरीचे पाणी बदलते, त्यामुळे वर्षभर दर महिन्याला तपासणी झाल्याशिवाय काही बोलणे खरे नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उथळ तळ्यातले पाणी किती तापेल हेही पाहावे लागेल. कोळंबीला रोग लागला की पूर्ण तळे काही दिवसांत हातचे जाते, आणि तिचा खर्च कपाशीच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा असतो. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे तळे रिकामे करताना खारे पाणी सोडायचे कुठे. शेजाऱ्याच्या काळ्या रानात ते मुरले तर भावकीतला वाद तहसीलपर्यंत जाईल आणि रान कायमचे बिघडेल ते वेगळेच. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे, त्यामुळे असे प्रयोग करू पाहणाऱ्यांची संख्या वाढणारच. त्यांना बियाणे आणि खाद्य विकणारे लगेच मिळतील. पाणी तपासून "इथे करू नका" असे स्पष्ट सांगणारा माणूस मिळणार नाही, आणि ती जागा भरायला वऱ्हाडातलीच मुले हवीत असे मला वाटते. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा ढीवर समाज आहे. त्यांच्या पोरांना माशांची जी समज घरातच मिळते ती मला एम.एस्सी.नंतर आली. नागपूरला तेलंगखेडीत मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, बारावीनंतर तिथे चार वर्षांची पदवी मिळते, आणि या क्षेत्रात नोकरीच हवी असलेल्याने ती वाट आधी पाहावी, असे माझे सांगणे असते.

शेजारच्या मुलीची बारावी मागे पडली आहे, म्हणून तिच्यापुढे गोवा विद्यापीठ, कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, तमिळनाडूत परंगिपेट्टैला असलेले अण्णामलै विद्यापीठाचे केंद्र, किंवा पुद्दुचेरी विद्यापीठाचे पोर्ट ब्लेअरचे (आताचे श्री विजयपुरम) केंद्र असे पर्याय उरतात. तिने विचारले, "दादा, मले पोहता येत नाही, चालते का?" मी म्हणालो, पोहणे दोन महिन्यांत येईल; बहुतेक मुले अडतात ती संख्याशास्त्रापाशी आणि संगणकावर आकडे हाताळण्यापाशी, तेव्हा त्याची शिकवणी आतापासून लाव, पुढे निवड होताना तेच उपयोगी पडेल. उपग्रहाची चित्रे, बंदरावरचे आकडे, पाण्यातल्या डीएनएवरून जाती ओळखण्याच्या नव्या पद्धती, या सगळ्यांचे शेवटी आकड्यांचे ढीगच होतात, आणि ते उपसणारे हात आमच्याकडे फार कमी आहेत.

वडिलांची काळजी निराळी होती. "बोटीवर पोरीले नेतात का बाप्पा? अन् इतकी वर्सं शिकून नवकरी नाई लागली, तं?" संशोधन जहाजांवर आता मुली नेहमी जातात आणि तिथे त्यांची वेगळी सोय असते, हे मी सांगितले, मासेमारीच्या छोट्या बोटीवर तशी सोय नसते आणि दिवसभराच्या फेरीत मुलींचे हाल होतात, हेही सांगितले. दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी गुळमुळीत उत्तर होते, ते त्यांनी ओळखले. मग त्यांनीच अट घातली : एम.एस्सी. करावे, नेट दोनदा द्यावी, नाही जमले तर बी.एड. करून शाळेत लागावे. मला ती अट वाजवी वाटली. मुलीला वाटली नाही, पण ती तेव्हा काही बोलली नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. बाबांनी अमरावतीला पोहण्याचा क्लास लावून दिला आहे. संख्याशास्त्राच्या शिकवणीचे ते विचार करून सांगणार आहेत.